अठ्ठ्याहत्तर मिनिटांचा शुक्रवार

१९ जुलै २०२४. शुक्रवार, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परगावी गेलेल्यांचा घराकडे निघायचा वार. विमानं धडधाकट होती, तरी ती जागची हलेनात. खालच्या वेळा भारतीय आहेत.

पहाटे ३.२६ : अमेरिकेच्या मध्य भागातली मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा अडखळली. तिकडची काही उड्डाणं खोळंबली. पुढे दिवसभर अनेकांनी हा बिघाड आणि नंतरचा बिघाड एकच समजून मायक्रोसॉफ्टच्या नावानं खडे फोडले. प्रत्यक्षात दोन्ही वेगळे होते.

सकाळी ९.३९ : संगणकांना हल्ल्यांपासून जपणाऱ्या क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीनं विंडोजवरच्या आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक लहानशी फाइल जगभर सोडली. क्रमांक २९१. या फाइलला २१ रकाने तपासायचे होते आणि सॉफ्टवेअर तिला २०च पुरवत होतं. एकविसावा शोधायला ते मेमरीच्या हद्दीबाहेर गेलं आणि कोसळलं. एरवी एखादा प्रोग्रॅम पडला तर तेवढाच बंद होतो. हा विंडोजच्या गाभ्यात बसलेला, त्यामुळे त्याच्याबरोबर अख्खा संगणक पडला. निळा पडदा, रीस्टार्ट. सुरू होता होता तीच फाइल पुन्हा वाचली जायची की पुन्हा निळा पडदा. कुंपणानंच शेत खाल्लं.

१०.५७ : फाइल मागे घेतली. चूक एकूण ७८ मिनिटं मोकाट होती. त्या वेळात बंद असलेले संगणक वाचले. पडलेल्यांना मात्र दुरुस्ती पोचवायची कशी? ती घ्यायला आधी नीट सुरू तर व्हायला हवं!

दुपार : इंडिगो, अकासा, स्पाइसजेट अशा कंपन्यांच्या चेक-इनची घडी विस्कटली. काउंटरवर बोर्डिंग पास पेनानं लिहून दिले जाऊ लागले. दिल्ली विमानतळावर उड्डाणांची माहिती पांढऱ्या फळ्यावर मार्करनं लिहिली गेली. हातानं लिहिलेल्या पासचे फोटो लोकांनी हौसेनं फिरवले. पण त्या चिठ्ठीमागचं काम गमतीचं नव्हतं. एकच आसन दोघांना जाऊ नये, सामान चुकीच्या विमानात चढू नये, आणि आत बसलेली माणसं व खाली ठेवलेलं वजन यांचा हिशेब उड्डाणाआधी जुळलाच पाहिजे. एरवी संगणक क्षणात करतो ते सगळं माणसांवर आलं. एका विमानाला उशीर झाला, की त्याच विमानाच्या पुढच्या फेऱ्याही लांबत गेल्या.

३.१५च्या सुमारास : क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी एक्सवर जाहीर केलं की हा सायबर हल्ला नाही, एका अपडेटमधला दोष आहे. त्या पहिल्या निवेदनात माफीचा शब्द नव्हता. तो नंतर, दूरचित्रवाणीवर आला. रांगेत ताटकळणाऱ्याला मेमरीच्या हद्दीचं काही नसतं. कुणीतरी आधी ‘चुकलो’ म्हणावं, एवढीच त्याची अपेक्षा.

संध्याकाळ : इंडिगोची सुमारे २०० उड्डाणं रद्द झाली. दुसरं तिकीट घेण्याची किंवा पैसे परत मागण्याची सोयही तात्पुरती बंद असल्याचं कंपनीनंच कळवलं. म्हणजे घरी जाता येत नाही आणि नाद सोडून पैसेही मागता येत नाहीत. नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी प्रवाशांना बसायला जागा, पाणी, खाणं पुरवायला सांगितलं. तिकडे जगभरचे तंत्रज्ञ एकेका संगणकासमोर बसून तो सेफ मोडमध्ये सुरू करत होते आणि ती फाइल पुसत होते. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाकायची. ती किल्ली कुठे साठवलेली? अनेक ठिकाणी, पडलेल्याच सर्व्हरवर.

२० जुलै, पहाटे ३ : देशातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा या वेळेपासून सुरळीत झाल्याचं मंत्र्यांनी नंतर सांगितलं.

मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं जगभरात ८५ लाख संगणक पडले. विंडोजच्या एकूण पसाऱ्यात ते एक टक्काही नव्हते. अमेरिकेतल्या डेल्टा या विमान कंपनीला सावरायला पाच दिवस लागले आणि तिची सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली. दोष रकान्याचा होता हे खरं, पण घात केला तो नीट न पारखलेली फाइल एकाच वेळी सगळ्यांना पाठवण्यानं. असे अपडेट आधी थोड्या संगणकांना देऊन मग टप्प्याटप्प्यानं पुढे सोडू, असं क्राउडस्ट्राइकनं त्यानंतर जाहीर केलं.