दातासाठी न घडलेली हत्यारे

रूट कॅनालचा इतिहास धुंडाळताना मला एक गोष्ट वारंवार जाणवली: दाताच्या मुळात आज जे जे उतरते, त्यातले बरेचसे दातासाठी जन्मलेच नव्हते.

१८३८ च्या सुमारास अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून नस काढण्याचे अवजार बनवले. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमा धुण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे अर्धा टक्का द्रावण सिद्ध केले. घरातल्या ब्लीचमधले हे रसायन पुढे रूट कॅनालमध्येही आले. ते मेलेली नस विरघळवते आणि जंतू मारते.

ईडीटीए १९३५ च्या सुमारास जर्मनीत फर्डिनांड म्युन्ट्झ यांनी तयार केले, तेही पाण्यातले कॅल्शियम बांधून ठेवण्यासाठी, कापडउद्योगाच्या गरजेतून. १९५७ मध्ये नॉर्वेच्या निगार्ड-ओस्टबी यांनी ते चिंचोळ्या नळ्या मोकळ्या करायला सुचवले. बारीक कानशी, म्हणजे दंतवैद्यांच्या ‘फाइल’, नळीच्या भिंतीवर भुकटीचा थर सोडतात, हे १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. तो थर काढण्याचे कामही मग ईडीटीएकडेच आले.

खरी मेख इथेच आहे. एनॅमलखालच्या डेंटिनमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के खनिज आणि २० टक्के सेंद्रिय भाग, मुख्यतः कोलॅजेन असते, उरलेले पाणी. ईडीटीए खनिज ओढते, हायपोक्लोराइट कोलॅजेन खाते. ज्या गुणाने नळी स्वच्छ होते, त्याच गुणाने भिंत मऊ पडते. कानशीने ती आधीच पातळ झालेली असते.

हा मऊपणा मोजण्याची विकर्स कसोटीही पोलाद आणि शस्त्रे बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीत, १९२१ च्या सुमारास जन्मली. हिऱ्याचे टोक ठराविक भाराने दाबायचे; खूण जितकी मोठी, तितका पदार्थ मऊ. मात्र नसेजवळचे डेंटिन मुळातच मऊ असते, कारण तिथे सूक्ष्म नलिका दाट असतात. म्हणून तुलना नसेपासून सारख्याच अंतरावर करावी लागते.

२००२ मध्ये तुर्की संशोधकांनी दाखवले की थर काढायला ईडीटीएचे एक मिनिट पुरते. दहा मिनिटांत नलिकांच्या भिंती झिजू लागतात.

मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो. उभे तडकलेले मूळ सहसा वाचत नाही. जंतू राहिले तरी दात जातो, भिंत खचली तरी जातो. या दोहोंमधली जागा अरुंद आहे, आणि उसन्या हत्यारांचे माप दातालाच विचारून ठरवावे लागते.