रिव्हर्स प्रॉक्सी : मार्गाचे पुनर्लेखन

ग्राहकाकडून आलेली एपीआय विनंती स्वीकारून, गरजेप्रमाणे तिचा मार्ग बदलून ती मागच्या योग्य सर्व्हरकडे पाठवण्याची पद्धत (⟶ वेब सर्व्हर).

उगम : राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये अपाची सर्व्हरसाठी ‘मॉड-रीराइट’ हे मार्ग बदलणारे मॉड्यूल लिहिले. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्याने २००४ मध्ये एंजिनएक्स हा वेब सर्व्हर सर्वांसाठी खुला केला. एका वेळी दहा हजार जोडण्या सांभाळण्याचा प्रश्न त्यामागे होता.

वैशिष्ट्ये : एंजिनएक्समध्ये ‘लोकेशन’ विभाग विनंतीचा मार्ग जुळवतो, तर ‘प्रॉक्सी-पास’ मागच्या सर्व्हरचा पत्ता देते. जुळणाऱ्या उपसर्गांपैकी सर्वांत लांब उपसर्ग निवडला जातो. मात्र एखादे रेग्युलर एक्सप्रेशन जुळले, तर सामान्यतः तेच लागू होते.

पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ येथे निर्णायक ठरते. ‘लोकेशन’मध्ये ‘/एपीआय/’ असून ‘प्रॉक्सी-पास’मधील पोर्ट ३००० पुढे ‘/’ दिली, तर ‘/एपीआय/ऑर्डर्स/४२’ ही विनंती ‘/ऑर्डर्स/४२’ होऊन पोहोचते. रेघ गाळल्यास मार्ग जसाच्या तसा जातो आणि फक्त ‘/ऑर्डर्स’ ओळखणारा सर्व्हर ४०४ (सापडले नाही) असे उत्तर देतो.

गुंतागुंतीच्या बदलांसाठी ‘रीराइट’ आज्ञा आहे. तिला ‘लास्ट’ जोडल्यास नव्या मार्गासाठी ‘लोकेशन’चा शोध पुन्हा सुरू होतो; ‘ब्रेक’ जोडल्यास विनंती त्याच विभागात राहते.

महत्त्व : लॉगिन, ऑर्डर, देयके अशा वेगवेगळ्या सेवा एकाच डोमेनखाली येतात, टीएलएस प्रमाणपत्र एकाच ठिकाणी सांभाळता येते आणि ब्राउझरमधील कॉर्सच्या (दुसऱ्या डोमेनकडील विनंत्यांवरील निर्बंधांच्या) अडचणी टळतात. ‘/व्ही१/’ जुन्या व ‘/व्ही२/’ नव्या सर्व्हरकडे वळवून आवृत्तीबदल टप्प्याटप्प्याने करता येतो (⟶ भारसंतुलन, मायक्रोसर्व्हिस).