तृणवृक्षांची जाती आणि माणसाची जात

वनस्पतींचे सर्वेक्षण आणि वर्गीकरण हे सर्वस्वी अर्वाचीन युरोपचे देणे होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. १७५३ साली लिनिअसचा ‘स्पीशीज प्लँटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वनस्पतींना द्विपदी नावे देण्याची पद्धती स्थिर झाली, हे खरेच. परंतु एखाद्या प्रदेशात कोणकोणत्या वनस्पती उगवतात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखाव्यात, हा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचे दोन पुरावे तपासणार आहोत. एक पालि वाङ्मयातील आहे, दुसरा सतराव्या शतकातील मलबारचा.

विनयपिटकात भिक्खूंनी वनस्पतींचा नाश करू नये असा नियम आहे. नियम पाळावयाचा तर वनस्पती कशाला म्हणावे हे आधी ठरविणे भाग होते. म्हणून तेथे ‘भूतगाम’ या शब्दाचा अर्थ सांगताना पाच प्रकार दिले आहेत. हळद, आले, वेखंड ही मूलबीजे. पिंपळ, वड, उंबर ही खंधबीजे. ऊस, वेळू, नळ ही पेरापासून रुजणारी फळुबीजे. शेंडा खुडून लावला असता वाढणाऱ्या काही सुगंधी वनस्पती ही अग्गबीजे. आणि धान्ये व कडधान्ये ही बीजबीजे. वनस्पती कोणत्या भागापासून रुजते, हा या विभागणीचा निकष आहे. कोणाही शेतकऱ्यास तो आपल्या शेतात पडताळून पाहता येतो. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात मुळे, काढे, पाने, फळे, डिंक अशी दुसरी विभागणी आढळते. तेथे निकष उपयोगाचा आहे. एकच हळद एका यादीत मूलबीज म्हणून येते आणि दुसरीत मूळ-औषध म्हणून. प्रश्न बदलला की विभागणी बदलते, ही जाण येथे स्पष्ट दिसते.

महावग्गातच जीवकाची कथा आहे. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल अभय राजकुमाराने वाढविले. पुढे त्याने तक्कसिलेस सात वर्षे वैद्यक शिकले. परीक्षेसाठी आचार्यांनी त्यास सांगितले की, कुदळ घे, तक्कसिलेच्या चोहोबाजूंस एक योजन फिर आणि जे औषधी नाही ते घेऊन ये. जीवक फिरून रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही असे त्यास काहीच आढळले नाही. आचार्यांनी त्याचे शिक्षण पुरे झाले असे मानले. ही परीक्षा पाठांतराची नव्हती. ठरावीक प्रदेश पायांखाली घालून तेथील प्रत्येक वनस्पती पारखण्याची ती परीक्षा होती. जीवकाचे कुळ कोणते, हा प्रश्न या परीक्षेत कोठेच येत नाही.

वनस्पतींच्या विभागणीचा सर्वांत खोल उपयोग वासेट्ठसुत्तात झाला आहे. मनुष्य ब्राह्मण ठरतो तो जन्माने की कर्माने, असा वाद वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत झाला. तथागतांनी उत्तराचा आरंभ गवत आणि झाडे यांपासून केला. तृणवृक्ष आपली ओळख बोलून दाखवीत नाहीत, तरी त्यांच्या अंगी जातीची खूण असते आणि त्यांच्या जाती भिन्नभिन्न आहेत. कीटक, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांचेही तसेच. मनुष्यांत मात्र अशी जन्मसिद्ध खूण केसांपासून पायांपर्यंत कोठेही सापडत नाही. भेद मानावयाचा तर तो पाहून सिद्ध झाला पाहिजे, असा या युक्तिवादाचा कणा आहे. उलट, भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या ग्रंथात जहाजाच्या लाकडाचे हलके-जड, मऊ-कठीण हे गुण प्रत्यक्ष दिसत असतानाही त्यांस ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र अशी नावे दिली आहेत. एका परंपरेने झाडे पाहून माणसातील जातिभेद खोटा ठरविला, तर दुसरीने माणसातील भेद लाकडावर लादला.

झाडे ओळखणाऱ्याचे ज्ञान आणि समाजाने त्यास दिलेले स्थान यांतील विसंगती पाहावयाची तर मलबारकडे वळावे लागते. तेथील डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने त्या प्रदेशाच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध करविला, तो ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे त्याचे १२ खंड निघाले. त्यात सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने आणि त्यांची मोठी चित्रे आहेत. वनस्पतींची नावे, गुण आणि उपयोग सांगणारा प्रमुख वैद्य होता करप्पुरमचा इट्टी अच्युतन. तो एळवा समाजाचा होता. घराण्यातील पोथ्यांच्या आधारे आपण ही माहिती सांगितली, असे त्याचे १६७५ चे मल्याळी निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याच खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदनही आहे. त्यांचा वाटाही नाकारता येत नाही. अनेक भारतीय वनस्पतींबाबत लिनिअसने याच ग्रंथाचा आधार घेतला. वेलदोड्याचे ‘एलेट्टेरिया’ हे शास्त्रीय नाव तर मल्याळी नावावरूनच आले आहे.

अच्युतनच्या निवेदनानंतर सुमारे २५० वर्षांनी, १९२४ साली, वेंबनाड सरोवरापलीकडील वैकोम येथे सत्याग्रह करावा लागला. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून एळवा आणि इतर बहिष्कृत समाजांस चालू द्यावे, एवढीच मागणी होती. त्रावणकोरातील मंदिरे त्यांस खुली झाली ती १९३६ मध्ये. ज्याच्या सांगण्यावरून युरोपच्या विद्वानांनी मलबारची झाडे ओळखली, त्याच्या वंशजांस स्वतःच्याच मुलखातील रस्ता बंद होता.

हा लॅटिन ग्रंथ सामान्य वाचकांस दीर्घकाळ दुर्गम होता. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी अनेक दशके खपून त्याचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये आणि मल्याळी २००८ मध्ये उपलब्ध करून दिले. आजही कोणत्याही प्रदेशाच्या वनस्पतींची नोंद होते तेव्हा रानात फिरणाऱ्या, मुळ्या खणणाऱ्या, पाला ओळखणाऱ्या माणसांवरच तिचा पाया असतो. अशा नोंदीत वनस्पतीच्या नावाशेजारी ते सांगणाऱ्याचेही नाव असावे, असे आम्हांस वाटते. अच्युतनचे नाव छापले गेले म्हणूनच त्याचा हक्क आज सांगता येतो. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्यांचे ज्ञान दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले आहे.