जुने काँक्रीट तोडताना : काम सोपविण्यापूर्वी घरमालकांनी जाणून घ्यावयाच्या बाबी

नोएडा येथील सुमारे शंभर मीटर उंचीचे जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी स्फोटकांच्या साहाय्याने पाडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार झालेले हे काम मुंबईतील एका कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांच्या मदतीने पार पाडले. मनोरे कोसळण्यास अवघे काही सेकंद लागले. मात्र त्यातून निर्माण झालेला अंदाजे ८० हजार टनांचा ढिगारा हटविण्यास कित्येक महिने खर्ची पडले. घराभोवतीची जुनी फरसबंदी, अंगणातील तडे गेलेला कोबा किंवा कुंपणाची मोडकळीस आलेली भिंत काढणे हे याच्या तुलनेत अगदीच लहान काम होय. तरीही दोन्ही कामांतील सूत्र एकच आहे. काँक्रीट तोडणे हा कामाचा केवळ पहिला भाग असतो. तोडलेला माल योग्य ठिकाणी पोहोचल्यावरच ते काम खऱ्या अर्थाने पूर्ण होते.

या दुसऱ्या भागाकडे घरमालकांचे सहसा दुर्लक्ष होते. सर्वांत कमी दर सांगणाऱ्या ठेकेदाराकडे काम सोपविले जाते आणि रात्रीच्या अंधारात राडारोडा एखाद्या नाल्याकाठी, ओढ्यात किंवा मोकळ्या भूखंडावर टाकला जातो. वाचलेल्या पैशांची किंमत पुढे संपूर्ण वस्तीला मोजावी लागते. ठेकेदार निवडताना कोणते प्रश्न विचारावेत, कामाची पद्धत कशी असावी आणि राडाऱ्याची विल्हेवाट कशी लावावी, याची माहिती या लेखात देण्यात येत आहे.

जुने काँक्रीट का काढावे लागते?

घराभोवतीचे काँक्रीट प्रामुख्याने तीन कारणांमुळे निकामी होते. पहिले कारण म्हणजे खालची जमीन. दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. या हालचालीमुळे तिच्यावरील पातळ कोबा ठिकठिकाणी उचलला जातो व तडकतो. दुसरे कारण म्हणजे आतील लोखंडाचा गंज. गंजलेली सळई मूळ आकारापेक्षा अधिक जागा व्यापते आणि भोवतालच्या काँक्रीटचे कवच फोडते. किनारपट्टीवरील खाऱ्या हवेत ही क्रिया वेगाने घडते. तिसरे कारण म्हणजे झाडांची मुळे व पाण्याचा निचरा न होणे.

काँक्रीट सुस्थितीत असले तरी काही वेळा ते काढणे आवश्यक ठरते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवती एक मीटर परिसरातील काँक्रीट काढून टाकण्याचे निर्देश दिले होते. मुळांना हवा व पाणी मिळाले नाही तर झाड कमकुवत होऊन वादळात उन्मळून पडण्याचा धोका असतो. संपूर्ण अंगण काँक्रीटने झाकल्यास पावसाचे पाणी जमिनीत न मुरता थेट रस्त्यावर व गटारात वाहून जाते, ही बाबही लक्षात घेणे आवश्यक आहे.

कामाचा आवाका कसा मोजावा?

ठेकेदाराशी बोलण्यापूर्वी घरमालकाने स्वतः एक साधा हिशेब करावा. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व दहा सेंटिमीटर जाडीचा कोबा म्हणजे सहा घनमीटर काँक्रीट. साध्या काँक्रीटचे वजन प्रति घनमीटर सुमारे २,४०० किलो असते. म्हणजेच या एका अंगणातून १४ टनांहून अधिक माल निघतो. तोडल्यानंतर तुकड्यांमध्ये पोकळी राहत असल्याने त्याचे आकारमान साधारणतः दीडपट होते. त्यामुळे सहा घनमीटरचे नऊ घनमीटर, म्हणजेच तीन ब्रासपेक्षा थोडे अधिक होतात. एवढा माल दोन अक्षांच्या साध्या ट्रकमधून नियमाप्रमाणे एका फेरीत नेता येत नाही.

या हिशेबाचा दुहेरी उपयोग होतो. एक म्हणजे, निरनिराळ्या ठेकेदारांच्या दरांची तुलना करता येते. कारण कोणी चौरस फुटावर, कोणी ब्रासवर, तर कोणी ट्रॉलीवर दर सांगतो. दुसरे म्हणजे, एका फेरीचे भाडे धरून दर देणारा ठेकेदार उरलेला माल कोठे टाकणार आहे, हा प्रश्न वेळीच विचारता येतो. कोब्याची जाडी सर्वत्र सारखी असतेच असे नाही. म्हणून दोन-तीन ठिकाणी लहान खड्डा घेऊन ती तपासून पाहावी.

तोडण्यापूर्वीची पाहणी

जाणकार ठेकेदार जागेची पाहणी केल्याशिवाय दर सांगत नाही. जमिनीखालून जाणाऱ्या वीजवाहिन्या, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ, गॅसवाहिनी आणि दूरध्वनीच्या तारा कोठे आहेत, हे प्रथम निश्चित करावे लागते. खोदकाम करणारे आणि भूमिगत वाहिन्यांची मालकी असलेल्या संस्था यांच्यात समन्वय साधण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप सुरू केले.

जुन्या घरांच्या आवारात वापरात नसलेली मैलाटाकी, पाण्याची भूमिगत टाकी किंवा बुजविलेली विहीर असण्याची शक्यता असते. अशा टाकीवरील स्लॅबवर यंत्र चढविल्यास तो खचू शकतो. बंद मैलाटाकीत विषारी वायू साठलेला असतो. त्यामुळे झाकण उघडल्यानंतर कोणालाही आत उतरू देऊ नये. घरातील ज्येष्ठ व्यक्तींकडून आणि जुन्या नकाशांवरून या जागांची माहिती मिळू शकते.

घराच्या जोत्याला लागून असलेले काँक्रीट व कुंपणाची भिंत यांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. काही भिंती पलीकडच्या बाजूच्या मातीचा भराव रोखून धरीत असतात. अशी भिंत आधार न देता पाडल्यास भराव कामगारांच्या अंगावर कोसळण्याची भीती असते. भिंत सामाईक असल्यास शेजाऱ्यांची लेखी संमती घ्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात संस्थेची परवानगी घ्यावी. तसेच भिंत अथवा बांधकाम पाडण्यासाठी परवानगीची गरज आहे का, याची स्थानिक स्वराज्य संस्थेकडे चौकशी करावी. शेजारच्या घरांना आधीपासून असलेल्या भेगांची छायाचित्रे दिनांकासह काढून ठेवल्यास नंतरचे वाद टळतात.

तोडण्याच्या पद्धती

लहान व पातळ कोबा घण, छिन्नी आणि पहार यांच्या साहाय्याने काढता येतो. त्याहून जाड कामासाठी विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणारे ब्रेकर वापरले जातात. मोठ्या मोकळ्या आवारात खोदयंत्राला बसविलेला ब्रेकर उपयोगी पडतो. मात्र त्याचे हादरे जुन्या बांधकामास अपायकारक ठरू शकतात.

घराला लागून असलेला भाग काढावयाचा असल्यास प्रथम हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने काँक्रीट कापून तो भाग घरापासून वेगळा करावा व त्यानंतर तोडावा. त्यामुळे हादरे जोत्यापर्यंत पोहोचत नाहीत. जेथे आवाज व हादरे अजिबात चालणार नाहीत, तेथे काँक्रीटमध्ये ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून त्यांत चुनखडीपासून बनविलेल्या विशेष भुकटीचे पाण्यातील मिश्रण भरण्यात येते. हे मिश्रण काही तासांत फुगते आणि काँक्रीटला आतून भेगा पडतात. ही पद्धत खर्चिक असली तरी दाट वस्तीत ती सोयीची ठरते. झाडांच्या मुळांजवळ मात्र हाताच्या अवजारांनीच काम करणे इष्ट होय.

धूळ, आवाज आणि कामगारांची सुरक्षितता

काँक्रीटमधील वाळू व खडीमध्ये सिलिका असते. कोरड्या अवस्थेत काँक्रीट कापताना किंवा फोडताना तिचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात. दीर्घकाळ अशा धुळीत काम करणाऱ्यांना सिलिकोसिस हा आजार जडतो. हा आजार पूर्णपणे बरा करणारा कोणताही उपचार उपलब्ध नाही. दगडखाणींच्या राजस्थान राज्याने २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवू शकत नाही. काम सुरू असताना सतत पाणी मारणे आणि योग्य दर्जाचे मुखपट श्वसनकवच वापरणे हाच त्यावरील उपाय आहे. डोळ्यांसाठी चष्मा, कानांसाठी संरक्षक साधन, हातमोजे व जाड तळाचे बूट हीसुद्धा अत्यावश्यक साधने होत.

ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० च्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. रात्रीची वेळ दहा ते सकाळी सहा अशी धरण्यात येते. ब्रेकरचा आवाज या मर्यादेहून कितीतरी अधिक असल्याने काम दिवसाच करावे आणि शेजाऱ्यांना, विशेषतः घरात आजारी व्यक्ती, वृद्ध किंवा परीक्षार्थी असल्यास, पूर्वकल्पना द्यावी. दिल्ली व परिसरात हिवाळ्यात हवेची गुणवत्ता गंभीर पातळीपर्यंत घसरल्यास पाडकामावर निर्बंध येतात. तेथील रहिवाशांनी कामाचा काळ ठरविताना ही बाब ध्यानात ठेवावी.

जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे किंवा नळ ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते काँक्रीटबरोबर फोडू नयेत. ओले करून, अखंड अवस्थेत उतरवून ते वेगळे ठेवावेत व त्यांच्या विल्हेवाटीबाबत स्थानिक प्रशासनाचा सल्ला घ्यावा.

राडारोड्याचे पुढे काय होते?

बांधकाम व पाडकामातील कचऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम जारी केले. हा कचरा निर्माण करणाऱ्यावर तो गोळा करणे, वेगळा करणे व ठरवून दिलेल्या ठिकाणी पोहोचविणे ही जबाबदारी त्या नियमांनी टाकली. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांना काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे वर्गीकरण करणे बंधनकारक करण्यात आले. या नियमांची जागा घेणारे नवे नियम एप्रिल २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख निश्चित करण्यात आली. लहान घरमालकांना मोठ्या प्रकल्पांच्या अटी लागू होत नसल्या तरी रस्ता, नाला किंवा सार्वजनिक जागेवर राडारोडा टाकण्याची मुभा कोणालाही नाही.

या मनाईमागे कटू अनुभव आहेत. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली. अतिवृष्टी हे मूळ कारण होतेच. परंतु अतिक्रमणे व भराव यांमुळे अरुंद झालेल्या नदीपात्रानेही त्या आपत्तीत भर घातली. दिल्लीत यमुनेच्या पात्रात वर्षानुवर्षे टाकण्यात आलेल्या राडारोड्याचा प्रश्नही हरित लवादापर्यंत पोहोचला. लवादाने तो हटविण्याचे आदेश दिले आणि पात्रात राडारोडा टाकणाऱ्यांवर दंडाची तरतूद केली.

योग्य ठिकाणी पोहोचलेला राडारोडा मात्र पुन्हा उपयोगात येतो. देशातील अशा प्रकारचा पहिला प्रक्रिया प्रकल्प दिल्लीतील बुराडी येथे २००९ मध्ये सुरू झाला. तेथे काँक्रीट दळून खडी, वाळू व पदपथासाठीचे ठोकळे तयार केले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या, २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या अतिरिक्त संकुलाच्या बांधकामात राडारोड्यापासून बनविलेल्या ठोकळ्यांचा वापर करण्यात आला. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ मधील सुधारित आवृत्तीनुसार साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, तर एम-२५ किंवा त्याहून कमी प्रतीच्या लोखंडी सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत जुन्या काँक्रीटपासून बनविलेली जाड खडी वापरता येते. ज्या शहरांत असे प्रकल्प आहेत, तेथील महापालिका राडारोडा उचलण्याची सशुल्क सेवाही देतात. मुंबई महानगरपालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा त्यांपैकीच एक होय. गावांमध्ये ग्रामपंचायतीच्या संमतीने हा माल रस्त्याच्या किंवा जोत्याच्या भरावासाठी वापरता येतो.

करारात कोणत्या गोष्टी असाव्यात?

काम लहान असले तरी अटी कागदावर असणे हिताचे ठरते. पुढील बाबी लेखी स्वरूपात नमूद कराव्यात :

– तोडावयाच्या भागाची लांबी, रुंदी व जाडी आणि दर कोणत्या एककावर आहे.
– वापरावयाची यंत्रे, कामाची वेळ व काम पूर्ण होण्याची तारीख.
– नळ, वीजवाहिनी किंवा शेजारच्या भिंतीचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची.
– कामगारांचा अपघात विमा व सुरक्षा साधने यांची जबाबदारी.
– निघालेल्या सळया व अन्य भंगार मालकाचे की ठेकेदाराचे. हे आधी ठरल्यास दरात सवलतही मिळू शकते.
– राडारोडा कोठे नेणार आणि तेथील पावती.
– शेवटचा हप्ता ही पावती दाखविल्यानंतरच देण्याची अट.

यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. काम संपताच संपूर्ण रक्कम हाती पडलेल्या ठेकेदारास माल दूरवरच्या केंद्रापर्यंत नेण्याचे कारण उरत नाही. पावतीशी हप्त्याची सांगड घातल्यास मालाची विल्हेवाट योग्य मार्गाने लागण्याची शक्यता वाढते. पूर्वी त्याने केलेल्या एक-दोन कामांच्या ठिकाणी जाऊन चौकशी करणे आणि तेथील राडारोडा कोठे गेला हे विचारणे, हीसुद्धा ठेकेदाराची खरी पारख होय.

जुने काँक्रीट निघाल्यानंतर लगेच नवे ओतण्याची घाई करू नये. वाहन उभे करण्याची जागा व पायवाट वगळता उर्वरित भाग मोकळ्या मातीचा ठेवता येईल का, याचा विचार करावा. जेथे फरसबंदी हवीच, तेथे पाणी मुरू देणारे ठोकळे बसविता येतात आणि पाण्याचा उतार जोत्यापासून दूर ठेवता येतो. अनेक वर्षे झाकलेली माती दबून घट्ट झालेली असते. ती भुसभुशीत करून त्यात शेणखत मिसळावे. पहिल्याच पावसाळ्यात तेथे पाणी मुरू लागल्याचे दिसून येईल.