वेस्टर्न कथांतील संवादभाषा

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील, मुख्यतः १८६५ ते १८९० या काळातील जीवनावर बेतलेल्या कथा-चित्रपटांत पात्रांना त्या काळची भाषा द्यावी की आजची, हा लेखकांपुढचा जुना पेच आहे. वाचकाच्या ओळखीची ‘काउबॉय बोली’ बरीचशी स्वस्त कादंबऱ्यांनी आणि हॉलिवूडने घडवलेली आहे. तिला अस्सल समजणे भाबडेपणाचे ठरेल.

चार्ल्स पोर्टिस यांच्या ‘ट्रू ग्रिट’ (१९६८) या कादंबरीत चौदा वर्षांची मॅटी रॉस तट्टांच्या व्यवहारावरून व्यापाऱ्याशी हुज्जत घालते. इंग्रजीतली संक्षिप्त रूपे टाळून, वकिली थाटाची पूर्ण वाक्ये ती त्याच्या तोंडावर फेकते आणि अखेर तो मेटाकुटीला येतो. हीच हकीकत ती म्हातारपणी सांगते आहे, त्यामुळे भाषेचा ताठरपणा तिच्या स्वभावाचाच भाग वाटतो. कोएन बंधूंच्या चित्रपटाने (२०१०) तो बऱ्याच अंशी जपला. उलट ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’मध्ये (१९६९) विल्यम गोल्डमन यांनी दरोडेखोरांच्या तोंडी सरळ साठच्या दशकातली थट्टामस्करी घातली, आणि तीही खपली.

‘डेडवुड’ (२००४–०६) या मालिकेत डेव्हिड मिल्च यांनी व्हिक्टोरियन वळणाची लांबलचक वाक्ये आणि आधुनिक शिव्या यांची मोट बांधली. त्या काळच्या शिव्यांचा भर देवनिंदेवर होता; आजच्या प्रेक्षकाला त्या मिळमिळीत, प्रसंगी हास्यास्पद वाटल्या असत्या. बोली दाखवण्यासाठी शब्दागणिक स्पेलिंग मोडण्याची जुनी रीत मात्र टाळलेलीच बरी.