आर नदीचा राहून गेलेला हिशोब

उन्हाळा म्हटला की आपणां कोकणच्या लोकांस घामाच्या धारा व आटलेल्या विहिरी आठवतात. पूर हा पावसाळ्याचा. जर्मनीत अशी वाटणी नाही. तेथे पाऊस बाराही महिने पडतो, आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवीत असल्यामुळे सर्वांत जोराच्या सरी उन्हाळ्यातच कोसळतात. जून ते ऑगस्ट हे तेथे उष्म्याचे महिने, आणि अवचित येणाऱ्या पुरांचेही.

त्या देशाच्या पश्चिमेस आयफेलच्या डोंगरांत उगम पावून ऱ्हाइनला मिळणारी आर ही नदी जेमतेम ८५ किलोमीटर लांबीची. दोन्ही बाजूंस उभे चढ, त्यांवर द्राक्षांचे मळे आणि खाली अरुंद खोऱ्यात दाटीने वसलेली गावे. २१ जुलै १८०४ रोजी या नदीने ६३ माणसे घेतली व खोऱ्यातील जवळजवळ सर्व पूल मोडले. जून १९१० मध्ये ती पुन्हा खवळली. तेव्हा पन्नासाहून अधिक लोक बुडाले. त्यांत खोऱ्यात आगगाडीचा मार्ग बांधणारे पुष्कळ मजूर होते. पुढे वरच्या अंगास पाणी अडविण्यासाठी बांध घालण्याच्या योजना झाल्या, पण त्या कागदावरच राहिल्या. त्याच मुलखात १९२५ ते १९२७ या काळात न्यूर्बुर्गरिंग हा मोटारशर्यतीचा मार्ग मात्र उभा राहिला.

त्यानंतर १४ जुलै २०२१ ची रात्र आली. आल्टेनआर येथे पाण्याची तोवरची सर्वोच्च मोजलेली पातळी २०१६ सालची, ३.७१ मीटर होती. त्या रात्री मोजणीचे यंत्रच वाहून गेले. पाणी नऊ-दहा मीटर चढले असावे, असा अंदाज आहे. वाहून आलेली झाडे व मोटारी पुलांपाशी अडकल्या, पाणी तुंबले आणि पूल फुटताच लोंढा खालच्या गावांवर आदळला. झिन्झिग येथे अपंगांच्या निवासातील १२ जण झोपेतच सापडले. खोऱ्यात १३० हून अधिक आणि सबंध जर्मनीत १८० हून अधिक माणसे दगावली.

युरोपीय पूर-सूचना यंत्रणेने चार दिवस आधीपासून इशारे दिले होते. तरीही नदीकाठची घरे सोडण्याचा जिल्हा प्रशासनाचा आदेश रात्री अकरा वाजून गेल्यावर निघाला. याहून मोठी चूक मात्र जुनी होती. पुराच्या धोक्याचे नकाशे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोजमापांवरून काढलेले होते. १८०४ व १९१० चे पूर त्या हिशोबात धरलेलेच नव्हते. वास्तविक इतिहासाच्या अभ्यासकांनी जुन्या खुणांवरून १८०४ च्या पुराचे पाणी मोजून २०१४ मध्येच प्रसिद्ध केले होते.

पुराचा निदान गाजावाजा होतो. उष्मा गुपचूप माणसे नेतो. २५ जुलै २०१९ रोजी ड्युइसबुर्ग येथे पारा ४१.२ अंशांवर गेला. २०१८ च्या एका उन्हाळ्यात उष्म्याने सुमारे ८,७०० मृत्यू झाले, असा रॉबर्ट कोख संस्थेचा अंदाज आहे. त्यांत वृद्ध फार. थंडीसाठी बांधलेल्या घरांत एकट्या राहणाऱ्या माणसाची विचारपूस कोणी करावयाची, हा प्रश्न तेथे आता ऐरणीवर आला आहे.

हे सर्व दूरदेशीचे म्हणून आम्ही लिहीत नाही. आरच्या पुराला आठवडा उलटतो न उलटतो तोच, २२ जुलै २०२१ रोजी, आपल्या पूर्वजांच्या रायगड, म्हणजे जुन्या कुलाबा, जिल्ह्यात महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारात शिरले. कोणत्या साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे प्रत्येक गावच्या म्हाताऱ्यांस ठाऊक असते. ज्या वाचकांच्या घरी अशी माणसे अद्याप आहेत, त्यांनी त्या खुणा विचारून सालासह लिहून ठेवाव्यात व ग्रामपंचायतीस कळवाव्यात, अशी आमची विनंती आहे. पुढे नकाशा काढणाऱ्यास त्यांची गरज पडेल.