मेंढीची ग्रंथी आणि आईची हाडे

गर्भवती स्त्रीला थायरॉइड ग्रंथीचे औषध द्यावयाचे म्हटले की घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात दोन शंका येतात. औषध बाळाला बाधणार नाही ना? आणि त्याने आईची हाडे झिजणार नाहीत ना? ह्या शंका वेडगळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यामागे इतिहास आहे, आणि तोच आज आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

योगायोग असा की, ह्या इतिहासाच्या दोन धारा एकाच वर्षी, १८९१ साली, उगम पावल्या. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे ह्या तरुण डॉक्टराने, ग्रंथी निकामी झाल्यामुळे सुजलेल्या व मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. बाई सुधारली, आणि पुढे २८ वर्षे जगली. त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या! त्याच वर्षी फॉन रेक्लिंगहाउझेन ह्या जर्मन पंडिताने, ग्रंथीचा अतिरेक झालेल्या एका मृत तरुणीची हाडे तपासली. ती ठिकठिकाणी मोडलेली व किडीने पोखरल्यासारखी होती.

अभाव मारक आणि अतिरेकही मारक. मग योग्य प्रमाण कोणते? १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडॉल ह्यांनी ग्रंथीतील थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर ह्यांनी ते प्रयोगशाळेत घडविले. १९२९ साली बोस्टन येथे ऑब आदी संशोधकांनी दाखविले की, अतिरेकात हाडांतील कॅल्शियम शरीराबाहेर वाहून जाते. हाड मोडणाऱ्या पेशी बांधणाऱ्या पेशींच्या पुढे धावतात, हे त्याचे कारण. म्हणजे दोष औषधाचा नसून अधिक मात्रेचा होय.

आता गर्भवतीकडे वळू. पहिल्या महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करीत नाही. तो आईच्याच स्रावावर पोसला जातो. त्यामुळे गोळी घेणाऱ्या स्त्रीची गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढू लागते, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. १९९९ साली अमेरिकेतील हॅडो ह्यांनी उपचार न झालेल्या मातांची मुले तपासली. त्यांचा बुद्ध्यंक सरासरीने ७ गुणांनी कमी भरला. भीतीपोटी गोळी बंद करण्याची किंमत कोण देतो, हे ह्यावरून उमगावे.

आणि हाडांचे काय? बाळाच्या हाडांसाठी सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम लागते, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. निसर्ग त्यासाठी आईच्या आतड्यांची शोषणशक्ती दुपटीच्या आसपास वाढवितो. आहारात दूध, नाचणी, तीळ असावेतच. मात्र कॅल्शियम वा लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनबरोबर घेतल्यास त्याचे शोषण घटते. दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. रक्ततपासणी करून वैद्य मात्रा ठरवितील; ती मनाने वाढवू नये, मनाने बंदही करू नये.

मरे ह्यांना मात्रा ठरविण्यासाठी रोग्याच्या चेहऱ्याकडे व नाडीकडेच पाहावे लागे. आज रक्ताचा एक थेंब ते काम करतो. तेव्हा वडीलधाऱ्यांची भीती आम्ही मोडीत काढत नाही. तिला योग्य दिशा देतो. भ्यावयाचे ते औषधाला नव्हे, बेहिशेबीपणाला.